पगाराच्या स्लिपवरचे 200 रुपये: दुष्काळ, सरकार आणि कामाचा हक्क

नेहमीप्रमाणे ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतेय. बोलताना जे अडखळले ते काढून टाकलंय, बाकी तसंच आहे.

आजचा विषय माझ्या डोक्यात आला तो एका भांडणामुळे. भांडण म्हणजे काय, चहावरचं. माझा एक मित्र आहे, पुण्यात आयटीत काम करतो. पगाराची स्लिप उघडून मला दाखवत होता. म्हणाला, "हे बघ, प्रोफेशनल टॅक्स, 200 रुपये. इन्कम टॅक्स वेगळा भरतो, जीएसटी वेगळा भरतो, आणि हे काय? मी नोकरी करतो म्हणून दंड?" मग गाडी नेहमीच्या रुळावर आली. सरकारनं रस्ते, पोलीस आणि कोर्ट एवढंच बघावं, बाकी माणसं आपापलं बघून घेतील.

मी तेव्हा काही बोलले नाही. कारण त्या 200 रुपयांचा इतिहास मला थोडासाच माहीत होता, आणि जो माहीत होता तो माझ्या आजीच्या हातावर होता.

माझी आजी सोलापूर जिल्ह्यातली. तिच्या डाव्या हाताचा अंगठा वाकडा होता, नख अर्धंच. लहानपणी विचारलं की म्हणायची, "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना हातोडा बसला, बाई." एवढंच. त्यावर माझे आजोबा म्हणायचे, "सरकारनं दगड फोडायला लावलं." आणि आजी लगेच, "फोडायला लावलं म्हणून जगलो. नाहीतर तुमचं पोरगं कुठं राहिलं असतं?" ते पोरगं म्हणजे माझे बाबा.

हे भांडण त्यांच्यात आयुष्यभर चाललं. आणि मला वाटतं, सरकार नेमकं कशासाठी असतं या प्रश्नावर मी ऐकलेला तो पहिला वाद. तर आज आपण तोच वाद जरा मागे नेऊन बघू. सुरुवात 1876 पासून.

एक पौंड धान्य

1876 मध्ये दख्खनवर पाऊस रुसला. सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा, विजापूर, धारवाड, आणि खाली मद्रास, म्हैसूरपर्यंत. पुढची दोन वर्षं जे झालं त्याला इतिहासात 1876 ते 78 चा महादुष्काळ म्हणतात. मृत्यूंचे आकडे अभ्यासक वेगवेगळे देतात, पण 50 लाखांच्या खाली कोणी फारसं येत नाही.

आता गंमत बघा, गंमत कसली, दुर्दैव. 1 जानेवारी 1877 ला दिल्लीत भव्य दरबार भरला होता. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करायला. व्हाइसरॉय होता लॉर्ड लिटन. त्या झगमगाटात पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, अंगावर खादी घालून हजर होते. त्यांच्या मागे गावाकडे दुष्काळ पेटलेला.

लिटनच्या सरकारचं धोरण होतं की धान्याच्या व्यापारात सरकारनं हात घालायचा नाही. भाव वाढले की व्यापारी आपोआप धान्य घेऊन येतील, सरकार मध्ये पडलं तर बाजार बिघडेल. हे त्या काळातलं प्रतिष्ठित अर्थशास्त्र होतं, कोणी एकट्यानं वेडेपणा म्हणून काढलेलं नव्हतं. त्यामुळे देशात माणसं मरत असताना धान्याची निर्यातही थांबली नाही.

आणि मग येतो सर रिचर्ड टेंपल. याची गोष्ट नीट ऐका, कारण माझ्या मते सगळा धडा इथे आहे.

1873-74 मध्ये बिहारमध्ये टंचाई आली होती, तेव्हा मदतीचं काम याच टेंपलकडे होतं. त्या वेळी सरकारनं ब्रह्मदेशातून लाखो टन तांदूळ आणला, लोकांना काम दिलं, धान्य दिलं. उपासमारीनं जवळजवळ कोणी मेलं नाही. आपल्याला वाटेल, शाबासकी मिळाली असेल. उलटं झालं. एवढा खर्च केलाच कसा म्हणून लंडनमध्ये टीकेची झोड उठली. पैसे उधळणारा माणूस असा त्याच्या नावावर शिक्का बसला.

तीनच वर्षांनी लिटननं त्याला दख्खन आणि मद्रासच्या दुष्काळावर पाठवलं, खर्चाला कात्री लावायला. आणि आता टेंपलला दाखवून द्यायचं होतं की मी काटकसरी आहे. त्यानं दुष्काळी कामावरच्या मजुराचा रोजचा शिधा खाली आणला, माणशी एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. चार-पाच भाकरी होतील फार तर. दिवसभर दगड फोडणाऱ्या, माती उपसणाऱ्या माणसाला. इतिहासात या मजुरीला टेंपलचंच नाव चिकटलंय.

मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी कडाडून विरोध केला. एवढ्यावर कष्ट करणारं शरीर टिकत नाही, निदान दीड पौंड धान्य आणि सोबत डाळ-भाजी हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे त्या काळात कोणालाच कळत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. सरकारचाच डॉक्टर सांगत होता.

आपल्याकडे, मुंबई इलाख्यात, लोकांनी काय केलं? शिधा घटला आणि लांबच्या कामांवर जायचा हुकूम आला तेव्हा हजारो मजुरांनी कामच सोडलं. उपाशी माणसांचा संप! कल्पना करा. सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूनं उभी राहिली, जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारकडे अर्जांवर अर्ज पाठवत राहिली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले आणि सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते मदतीला धावले. एप्रिल 1877 मध्ये सावित्रीबाईंनी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेलं पत्र आजही वाचायला मिळतं. जनावरं मरताहेत, माणसं गावं सोडून चालली आहेत, हे सगळं त्यात आहे. दोन वर्षांनी, 1879 मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड केलं, त्यामागेही त्यांनी फिरून पाहिलेला हा दुष्काळ होता.

आता इथे जरा थांबू. माझ्या मित्राच्या बाजूनं विचार करू. तो म्हणेल, हे परक्यांचं सरकार होतं, त्याचं उदाहरण काय देतेस? बरोबर आहे. पण मला वेगळीच गोष्ट दिसते. आपण म्हणतो, त्या सरकारनं हात बांधून ठेवले. खरंच बांधले होते का? शेतसारा वसूल करायला हात मोकळे होते. दरबार भरवायला मोकळे होते. मजुराच्या ताटातलं धान्य मोजायलाही मोकळे होते. बांधलेले होते ते फक्त द्यायच्या वेळी. म्हणजे ते सरकार काही लहान नव्हतं. चांगलं धडधाकट होतं, फक्त त्याला जाब विचारणारं कोणी नव्हतं. टेंपलला बिहारमध्ये माणसं वाचवल्याबद्दल ज्यांनी झापलं ते लंडनमध्ये होते. सोलापूरच्या मजुराला त्याला झापता येत नव्हतं. माणूस तोच, फक्त तो कोणाला उत्तर देतो यावरून त्याचं वागणं ठरलं.

नियमांचं पुस्तक आलं, पण कोणासाठी?

एवढी माणसं गेल्यावर चौकशी झालीच. दुष्काळ आयोग नेमला गेला, 1880 मध्ये त्याचा अहवाल आला, आणि त्यातून फॅमिन कोड म्हणजे दुष्काळ संहिता तयार झाली. दुष्काळाची चिन्हं कशी ओळखायची, काम कधी काढायचं, मजुरी किती, ज्यांना काम जमत नाही त्यांना फुकट शिधा कसा द्यायचा, सगळं लिहिलेलं. मदत करणं हे सरकारचं कर्तव्य आहे हे तत्त्व कागदावर आलं. ही मोठीच गोष्ट होती.

पण ही संहिता होती अधिकाऱ्यांसाठी. लोकांना त्यावर बोट ठेवून काही मागता येत नव्हतं. टिळकांनी 1896-97 च्या दुष्काळात नेमकं हेच उलटं करायचा प्रयत्न केला. केसरीतून आणि सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांकरवी त्यांनी संहितेतल्या तरतुदी मराठीतून गावोगाव पोचवल्या. पीक बुडालं असेल तर सारा तहकूब मागता येतो, हा तुमच्याच सरकारचा नियम आहे, मागा! सरकारला हे रुचलं नाही. 1897 मध्ये सार्वजनिक सभेची सरकारदरबारची मान्यताच काढून घेतली गेली. स्वतःचाच नियम लोकांना सांगितला म्हणून!

आणि नुसत्या संहितेवर विसंबलं तर काय होतं हे 1943 मध्ये बंगालनं पाहिलं. कोड कपाटात होतं. सरकारनं दुष्काळ अधिकृतपणे जाहीरच केला नाही. जाहीर केला असता तर कोडप्रमाणे मदत काढावी लागली असती. सुमारे 30 लाख माणसं गेली.

बहात्तरचा दुष्काळ

आता येऊ आजीकडे.

स्वातंत्र्य मिळालं, संविधान आलं. संविधानाच्या कलम 41 मध्ये कामाच्या हक्काचा उल्लेख आहे. पण तो मार्गदर्शक तत्त्वांत आहे. राज्यानं आपल्या आर्थिक कुवतीप्रमाणे प्रयत्न करावा, असं म्हटलंय. कोर्टात जाऊन तो मागता येत नाही.

1970 पासून महाराष्ट्रात पावसानं ओढ दिली, ती 1972 मध्ये शिगेला पोचली. तीन वर्षं लागोपाठ. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. सरकारनं दुष्काळी कामं काढली: रस्ते, नालाबांध, पाझर तलाव, आणि जिकडे तिकडे खडी फोडणं. मे 1973 मध्ये या कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती. 1971 च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या साधारण 5 कोटी होती. म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, तान्ह्या पोरांसकट मोजलं तरी दहातला एक माणूस सरकारी कामावर!

आजी सांगायची, पहाटे अंधारात निघायचं. पोराला झोळीत टाकायचं, झोळी बाभळीला. हजेरी मांडणारा मुकादम. एक ब्रास खडी पुरी झाली तरच पुरी मजुरी. पोरांना सुकडी मिळायची. आणि भाकरी मिलोची. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. "जनावरं तोंड लावनात, पण आम्ही खाल्ली," असं म्हणायची आणि हसायची.

हाल होतेच. मजुरी आठवडेच्या आठवडे उशिरा यायची. मुकादम खोटी नावं लावायचे. पण 1877 सारखं झालं नाही. लाखांनी माणसं मेली नाहीत. अमर्त्य सेन आणि जाँ द्रेझ यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी हे उदाहरण जगापुढे ठेवलंय, की धान्याचं उत्पादन एवढं घसरूनही दुष्काळाचं रूपांतर भूकबळींच्या लाटेत झालं नाही. का? पाऊस तर दोन्ही वेळी सारखाच रुसला होता.

कारण या वेळी सरकारला घाम फोडणारे लोक होते. विधानसभेत विरोधक होते. वर्तमानपत्रं रोज बातम्या छापत होती. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. गावाकडे मजुरांचे मोर्चे तहसीलवर जात होते, काम काढा म्हणून. आणि निवडणूक येणार होतीच. टेंपलला लंडनला खूश करायचं होतं. नाईकांना सोलापूर, बीड, अहमदनगरला तोंड दाखवायचं होतं.

कामाचा हक्क

तरीही 1972 मध्ये आजीला जे मिळालं तो हक्क नव्हता. सरकारनं काम काढलं म्हणून मिळालं. नसतं काढलं तर तिला मोर्चात जाण्याशिवाय काही करता आलं नसतं.

हे बदलायचं ज्यांच्या डोक्यात होतं त्यांचं नाव वि. स. पागे. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागातले, विधान परिषदेचे सभापती, गांधीवादी वळणाचे. दुष्काळाच्या आधीच, 1960 च्या दशकात, ते म्हणत होते की ज्याला अंगमेहनतीचं काम करायची तयारी आहे त्याला ते देण्याची हमी राज्यानं घ्यावी. तासगावकडे तसे प्रयोगही झाले. 1972 मध्ये योजना राज्यभर जाहीर झाली आणि तेवढ्यात दुष्काळानं सगळं व्यापून टाकलं. दुष्काळ सरल्यावर योजना पुन्हा उभी राहिली, आणि मग 1977 चा महाराष्ट्र रोजगार हमी कायदा झाला. 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला.

काय होतं त्यात? ग्रामीण भागातल्या प्रौढ माणसानं अंगमेहनतीचं काम मागितलं, तर 15 दिवसांत द्यायचं. नाही दिलं तर बेकारी भत्ता, दिवसाला निदान 1 रुपया. बाईला आणि पुरुषाला मजुरीचा दर एकच. रुपया तेव्हाही फार नव्हता. पण पहिल्यांदा असं झालं की काम दिलं नाही तर चूक मागणाऱ्याची नाही, सरकारची. टेंपलच्या छावणीत मजूर परीक्षा देत होता, की तू खरंच उपाशी आहेस का. इथे परीक्षा सरकारची होती.

आणि पैसा? इथे येतात ते 200 रुपये! रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला 1975 मध्ये महाराष्ट्रात व्यवसाय कर आला. शहरात पगार घेणाऱ्यानं थोडं द्यायचं, सोबत बाकीचे काही कर आणि उपकर, आणि तेवढीच भर सरकारनं घालायची. ही हमी दरवर्षी अर्थसंकल्पात कोणाच्या मर्जीवर राहू नये म्हणून. आज महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2500. माझ्या मित्राला वाटत होतं तो दंड. तो होता शहराचा गावाशी केलेला करार. यात शहराचाही स्वार्थ होताच, ते लपवायला नको. गावात काम मिळालं तर सगळं गाव उठून मुंबईच्या फुटपाथवर येत नाही.

पुढे 2005 मध्ये संसदेनं देशभरासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, वर्षाला कुटुंबामागे 100 दिवस, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता.

मग सगळं छान झालं?

नाही हो. असं म्हटलं तर माझे आजोबा वरून हसतील.

मस्टरवर खोटी नावं लागली, हे मी आजीकडूनच ऐकलंय. अर्धवट रस्ते पुढच्या पावसात वाहून गेले. मोठे बागायतदार कुरकुरले, की मजूर रोहयोवर जातात, आमच्याकडे मजुरी वाढवून मागतात. यातली शेवटची तक्रार मला तर योजनेची पावतीच वाटते, पण शेतकऱ्याच्या बाजूनं ती खरी अडचण होती, हेही मान्य करते.

सगळ्यात मोठी पळवाट मात्र साधी होती. 15 दिवस कधीपासून मोजायचे? काम मागितल्याची पोच मिळाल्यापासून. मग पोचच द्यायची नाही! माझी धाकटी आजी, म्हणजे आजीची बहीण, 80 च्या दशकात कामाचा अर्ज घेऊन एका कार्यालयात गेली. तिला सांगितलं, "काम निघालं की कळवू, अर्ज ठेवून जा." तिनं विचारलं, "पोच?" तर म्हणे, "विश्वास नाही का आमच्यावर?" ती घरी आली. चार दिवसांनी गावातल्या वीस-पंचवीस बायकांना घेऊन परत गेली, आणि सगळ्याजणी पोच मिळेपर्यंत ओट्यावर बसून राहिल्या. संध्याकाळी पोच मिळाली. काम तेराव्या दिवशी निघालं.

बेकारी भत्ता प्रत्यक्षात फारच थोड्यांना मिळाला, हे राज्यभराचं चित्र आहे. पण त्या बायका ओट्यावर बसू शकल्या, कारण त्यांच्याकडे बोट ठेवायला कायदा होता. 1877 मध्ये काम सोडून गेलेल्या मजुरांच्या पाठीशी असं काहीच नव्हतं.

म्हणून आता मी मित्राला काय सांगेन? सरकार लहान हवं की मोठं, यावर तू आणि मी रात्रभर भांडू शकतो. सरकारनं प्रत्येक गोष्टीत नाक खुपसू नये, हे मलाही पटतं. खोटं मस्टर हा तुझ्या पैशाचा प्रश्न आहे, आणि तो तू विचारलाच पाहिजेस. पण ज्याचं पीक गेलंय आणि ज्याच्या घरात दाणा नाही, त्याला बाजार स्वातंत्र्य देत नाही. मिळेल त्या भावाला राबायची किंवा गाव सोडायची सक्ती देतो. तिथे सरकारनं उभं राहायला हवं. आणि उभं राहून उपकार करायचे नाहीत, उत्तर द्यायचं. मागणाऱ्याच्या हातात पोच हवी आणि न दिल्यास सरकारला काहीतरी भोगावं लागायला हवं. मला इतिहासातून एवढंच ठामपणे दिसतं.

आजीनं आयुष्यभर "सरकारनं जगवलं" म्हटलं, तिच्या आवाजात कृतज्ञता असायची. तिच्या बहिणीला मी कधीच तसं म्हणताना ऐकलं नाही. ती म्हणायची, "आम्ही काम घेतलं." दोघींत वयाचं अंतर नऊ वर्षांचं. मध्ये एक कायदा झाला होता.

मित्राला हा भाग पाठवतेय. बघू काय म्हणतो. तुमच्या घरात कोणी बहात्तरला खडी फोडली असेल, पाझर तलावाच्या कामावर गेलं असेल, तर आजच त्यांना फोन करून विचारा. ती पिढी आता फार उरली नाही. आणि महिनाअखेरीस पगाराची स्लिप आली की ती ओळ एकदा नीट वाचा.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!